प्रश्नांचं पार्किंग

माझा पदर सेन्सरसमोरून गेला आणि कचऱ्याच्या डब्यानं झाकण उघडून माझं स्वागत केलं. मी दचकून पुढे सरकले. पुढच्या टेबलावरच्या डब्यानंही तेच केलं. त्याच्या पुढच्यानंही. बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागातल्या एका शाळेत 'इनोव्हेशन डे' होता, नातू चौथीत, आणि वर्गातल्या अठ्ठावीस मुलांच्या अफाट कल्पकतेतून अकरा स्मार्ट कचराकुंड्या जन्माला आल्या होत्या. शिवाय काळ्या पट्टीवरून चालणारे रोबो सहा, अंधांसाठी टूंटूं करणाऱ्या काठ्या चार. उरलेल्या सात जणांनी मिळून थर्माकोलचं तळं केलं होतं. पाणी निळं, बदकं पांढरी, कडेला 'सेव्ह वॉटर'. प्रत्येक टेबलावर एकच छापील पाटी : 'माय युनिक आयडिया'.

पट्टीवरून चालणारा रोबो मला भलताच आवडला. पट्टी सुटली की बिचारा गोंधळतो, जागच्या जागी वळवळतो आणि पट्टी सापडली की सुखानं चालू लागतो. सर्जनशीलतेचं पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. योग्यच निकाल.

आमचा डबा आदल्या रात्री साडेअकरापर्यंत माझ्या चिरंजीवांनी जोडला. चिरंजीव आउटर रिंग रोडवरच्या एका कंपनीत क्लाउड का काय ते सांभाळतात, पण डब्याचं झाकण त्यांना दाद देईना. दुहेरी चिकटपट्टी संपली, ती दहा मिनिटांत घरपोच आली. मोटर उलटी बसली, ती सुलट झाली. नातवाकडे महत्त्वाचं काम होतं. तो मोबाइलची बॅटरी धरून उभा होता, आणि दर दोन मिनिटांनी बापाची बोलणी खात होता : 'हलवू नको रे!' डब्याच्या तयार किटसोबत आलेली पुस्तिका मी चाळली. तेरा पायऱ्या रीतसर आकृत्यांसह, आणि चौदावी : आता आपली कल्पनाशक्ती वापरा आणि डब्याला हिरवा रंग द्या.

या डब्यांच्या पोटात जो निळा सर्किट बोर्ड असतो ना, आर्डुइनो, तो 2005च्या सुमारास इटलीत इव्रेआ नावाच्या गावात जन्मला. इंजिनिअर नसलेल्या, डिझाइन शिकणाऱ्या पोरांना खटपट करता यावी, चुकता यावं, स्वस्तात जाळून बघता यावं म्हणून. चुकण्यासाठी जन्मलेली वस्तू बेळ्ळंदूरला पोचेपर्यंत चौदा पायऱ्यांची पोथी झाली. पारायण करा, फळ मिळेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. तेव्हा शहरी शाळांना हसायला माझी जीभ आपसूक सुटते हे कबूल, पण आमचं झाकणही उघडून दाखवते. साताऱ्याच्या कुमठे बीटात, म्हणजे शाळांच्या एका गटात, शिक्षकांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं ज्ञान आपणच घडवतं हा विचार, मनावर घेतला. मुलं जमिनीवर बसतात तर फरशीच फळा करू, म्हणून त्यांनी फरशीवर आकडे, अक्षरं, खेळ आखले. ते त्यांना त्यांच्या मुलांकडे बघून सुचलं होतं. मग राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरभरून कुमठ्याला गेल्या. आम्हीही गेलो. परत येऊन काय केलं? पेंटर बोलावला. महिनाभरात आमच्या तालुक्यात जिकडेतिकडे तीच फरशी. रंग ओला तोवर मुलांना वर्गाबाहेर बसवलं, आणि रंग वाळल्यावर तो जाऊ नये म्हणून बाहेरच ठेवलं.

लोकवर्गणीतून टीव्ही आला, त्यालाही मुख्याध्यापकांच्या पत्नीनं विणलेलं कव्हर होतं. दसऱ्याला हळदकुंकू, पंधरा ऑगस्टला दर्शन. आणि 2016च्या नोव्हेंबरात तर सरकारनं कमाल केली : दर सोमवारी शिक्षकानं दहा-दहा मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून वर पाठवायची. का, तर मुलं शाळेत टिकावीत. साठ पोरांच्या वर्गात सहा सेल्फ्या, आणि आमच्याकडे रेंज फक्त आंब्याखाली. ओरड झाली आणि ते फर्मान गुंडाळलं गेलं. शिक्षणातलं तंत्रज्ञान म्हणजे शिक्षकावर नजर ठेवण्याचं तंत्रज्ञान, हा वरच्यांचा समज मात्र अजून शाबूत आहे.

रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव नातवाच्या शाळेतल्या पोस्टरवर होतं. 2020 साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार, त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांना वाटून टाकली, पुस्तकात क्यूआर कोड आणले, सगळं ठळक अक्षरांत. एक गोष्ट मात्र पोस्टरवर नव्हती, आणि कर्नाटकातल्या शाळेत तीच हवी होती. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत मुलांच्या घरची भाषा कन्नड. पुस्तकातलं त्यांना समजत नव्हतं. म्हणून हा मराठी माणूस आधी कन्नड शिकला, मग धडे मुलांच्या भाषेत केले, आणि कोड त्यानंतर आले. चौकोनी ठिपके ही त्यातली शेवटची आणि सोपी पायरी. आपण तेवढीच उचलली. माझा नातू बेंगळुरूतच जन्मला. त्याला 'पायथन' म्हणजे साप नव्हे हे माहीत आहे, कन्नड मात्र 'सोल्प अडजस्ट माडी'च्या पुढे सरकत नाही. स्पेलिंगसकट पाठ आहे, गुण मिळतात.

आता मुद्द्याचं. नातवानं कुणाच्या तरी फोनवर जानेवारी 2018चा व्हिडिओ पाहिला. बेळ्ळंदूर तळं पेटलंय, धूर आकाशाला भिडलाय, लष्कराचे जवान विझवतायत. ते पोर तेव्हा पाळण्यात होतं. त्यानं मला विचारलं, 'आजी, पाणी कसं जळतं?' मी म्हटलं, बाळा, बत्तीस वर्षांत असा प्रश्न मला कुणी विचारला नाही, उद्या बाईंना विचार. त्यानं विचारला. बाई तरुण, गोड, आणि सहामाहीचा पोर्शन मागे पडलेला. त्या म्हणाल्या, 'सुपर क्वेश्चन! पार्किंग लॉटमध्ये लाव.'

वर्गात भिंतीवर खरोखरच एक तक्ता आहे, 'पार्किंग लॉट'. वेळापत्रकात न बसणारा प्रश्न पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचा आणि तिथं चिकटवायचा. मग कधीतरी घेतात म्हणे. मी इनोव्हेशन डेला तो तक्ता पाहिला. जागा शिल्लक नव्हती. एकावर एक चिठ्ठ्या, काहींचा डिंक सुकून त्या खाली पडलेल्या. गाड्यांनी तुंबलेल्या इब्लूरच्या सिग्नलला संध्याकाळी सहा वाजता जेवढी हालचाल असते, तेवढीही तिथं नव्हती.

अहो, हा प्रश्न सोडवायला किट लागत नाही, खिडकी लागते! जवळपास नऊशे एकरांचं, बेंगळुरूतलं सर्वांत मोठं तळं शाळेच्या अंगणात म्हणावं इतकं जवळ आहे. पण वास येतो म्हणून वर्गांच्या खिडक्या बंद आणि आत हवा शुद्ध करणारं यंत्र. त्या यंत्रावर सोळा गुणांचा प्रकल्पही आहे.

आणि काय काय भरलंय त्या तळ्यात! शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं त्यात आलं. तळाशी गाळ साचला, त्या गाळात हवेशिवाय कुजण्याची क्रिया झाली की मिथेन तयार होतो, आणि मिथेन जळतो. वर जलपर्णी आणि गवत, वाळलं की सरपण. मे 2015मध्ये फेसानं पेट घेतला, फेब्रुवारी 2017मध्ये पुन्हा आग, मग 2018. फेसाची गंमत वेगळीच. कपड्यांच्या साबणातली रसायनं सांडपाण्यातून येतात आणि गाळाला चिकटून बसतात. जोराचा पाऊस आला की गाळ ढवळतो, पाणी बांधावरून खाली आपटतं, हवा मिसळते आणि यमलूरच्या पुलापाशी बर्फाचे डोंगर उभे राहतात. हा फेस उडून गाड्यांवर बसू नये म्हणून पुलाला जाळ्या लावाव्या लागल्या होत्या. याच शहरातल्या भारतीय विज्ञान संस्थेतले संशोधक त्या फेसाचे नमुने घेऊन अभ्यास करत आले आहेत. म्हणजे रसायन, जीवशास्त्र, भूगोल, नागरिकशास्त्र एका बाटलीत, आणि दरवर्षीच्या पावसात नवा साठा. सप्टेंबर 2022मध्ये तर हाच परिसर असा तुंबला की सॉफ्टवेअरवाले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ऑफिसला गेले. ओढे कुठे होते आणि इमारती कुठे आल्या, याचा नकाशा काढायला मुलांना आठवडा दिला असता तर? पण नकाशा काढला की नावं येतात. डबा बरा, तो कुणाचं नाव घेत नाही.

मी तंत्रज्ञानाच्या विरुद्ध नाही. तसं म्हणणं फार सोपं असतं आणि टाळ्याही मिळतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी माँटेसोरीबाईंच्या महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे वापरले. मुलं गुरं राखायला जातात तर शाळाच कुरणात नेली. त्या काळचं ते तंत्रज्ञानच होतं. पुण्यात टेल्कोत नोकरी करणारे आयआयटीतले अरविंद गुप्ता 1978मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादला विज्ञान-शिक्षणाच्या कामासाठी गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी व आगकाड्या यांतून भूमिती उभी केली. त्यांची काडी मोडायची, मग मूल दुसरी घ्यायचं. आमच्या डब्याची मोटर जळाली तर मूल बापाकडे बघतं, आणि बाप मोबाइलकडे.

सरकारचंही मन मोठं आहे. 2016पासून अटल टिंकरिंग लॅबला शाळेमागे वीस लाखांपर्यंत मिळतात. चांगली योजना आहे, काही ठिकाणी पोरांनी खरंच कमाल केली आहे. मी पाहिलेल्या लॅबमधला थ्रीडी प्रिंटर मात्र येणाऱ्या साहेबांच्या नावाची किचेन छापत होता. आता 2026-27पासून तिसरीतच कृत्रिम बुद्धिमत्ता येणार अशी घोषणा झाली आहे. यंत्राला नेमका प्रश्न कसा विचारावा, हे आठ वर्षांच्या पोरांना शिकवणार म्हणे. बाईंना विचारला तर चिठ्ठी.

असो. परवा पाऊस झाला. नातवाला घेऊन मी यमलूरच्या बाजूला गेले. सूनबाईंनी हातमोजे घालायला लावले होते, बरोबरच केलं त्यांनी. जाळीपाशी लांब काठीला बाटली बांधून आम्ही थोडं काळं पाणी मिळवलं. एक रखवालदार आजोबा कन्नडमध्ये पुष्कळ काही सांगत होते, हात लांब करकरून, बहुधा पूर्वी पाणी कुठवर होतं ते. आम्हा दोघांच्याही कानात त्यातलं 'केरे' आणि 'नीरु' एवढंच राहिलं. नातवानं घरी येऊन आईच्या फोनवर ते दोन शब्द शोधले, केरे म्हणजे तळं, नीरु म्हणजे पाणी, आणि ते भिंतीवर लिहिले. आमच्या भिंतीवर पार्किंग नाही, पेन्सिलीनं थेट चुन्यावर. चिरंजीव कामात होते म्हणून बचावलो.

दोन बाटल्या, एकीत नळाचं पाणी, दुसरीत तळ्याचं, झाकणं घट्ट. दोन्ही वीस वेळा हलवायच्या आणि घड्याळ लावायचं. नळाच्या पाण्यावरचे बुडबुडे गेले ते लगेच. तळ्याचा फेस मात्र रात्री जेवणं झाली तरी होता. नातू दर दहा मिनिटांनी उठून पट्टीनं त्याची उंची मोजत होता आणि वहीत लिहीत होता. पट्टी स्टीलची, साधी.

झोपताना त्यानं ती बाटली ओट्याशेजारी ठेवली, नेमकी बक्षीस न मिळालेल्या स्मार्ट डब्यासमोर. सेन्सरला वाटलं, कुणीतरी कचरा टाकायला उभं आहे. झाकण रात्रभर आ वासून उघडं राहिलं. सकाळी बघते तर डब्याची बॅटरी संपलेली, आणि बाटलीत अजून बोटभर फेस.