फीत कापली, तार तुटली

सरकारी कचेरीत ज्याने मार्च काढला, त्याला अर्थशास्त्र शिकवायला जाऊ नये. अकरा महिने फायलीवर ‘निधी उपलब्ध नाही’ असा शेरा मारणारा हात मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ‘तातडीने खर्ची टाकावा’ असं लिहितो. मग संगणक येतात. ठेवायला टेबल नसतं, लावायला प्लग नसतो, पण येतात. खरेदीचं लेखाशीर्ष तुडुंब, दुरुस्तीचं कोरडं ठणठणीत. बरोबरच आहे. नव्या यंत्राची फीत कापता येते. जुन्याची बॅटरी बदलली तर फोटोत उभं कोण राहणार?

थोरला नमुना बघा. ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्राने ठरवलं, देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची. अंदाज 20,000 कोटी, मुदत दोन वर्षं. पैशाची चणचण म्हणाल तर तीही नव्हती. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातले 5 टक्के 2002 पासून खेड्यापाड्यांच्या नावाने बाजूला काढले जातात. (म्हणजे तुमच्याआमच्या रिचार्जमधूनच, कंपनी थोडीच पदरचे घालते!) दोन वर्षं सरली. आणखी दोन सरली. 2015 मध्ये योजनेचं ‘भारतनेट’ असं नव्याने बारसं झालं. पोर चालत नाही म्हटल्यावर नाव बदलून पाहायला हरकत काय? डिसेंबर 2017 मध्ये एक लाख पंचायतींचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचं जाहीर झालं.

पूर्ण म्हणजे, पंचायतीच्या भिंतीवर एक डबा बसला. जोडीला बॅटरी, छपरावर सौर पॅनेल. तालुक्यापासून अर्ध्या वाटेपर्यंत बीएसएनएलची जमिनीतली जुनीच तार, पुढे तिला नव्या तारेचं ठिगळ. डबा बसला की कागदावर गाव जोडलं. त्या डब्यातून कोणी एखादा सातबारा काढला का, हा रकाना फॉर्मात नसावा.

मग रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी आला. तार एका सरळ रेषेत; मध्ये तुटली की पुढची गावं मुकी. जोडायचा खर्च कोणी करायचा? रस्तेवाले म्हणतात, तार आमची नाही. तारवाले म्हणतात, खड्डा आमचा नाही. दोघंही खरंच बोलतात. ग्रामसेवक बिचारा स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दाखले काढतो. त्याच्या रिचार्जला मात्र लेखाशीर्ष नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटला मान्यता दिली. आकडा 1,39,579 कोटी. यात दोन शोध लागले आहेत. पहिला, तार गोल फिरवावी; एकीकडे तुटली तर दुसरीकडून काम चालू. दुसरा, जो तार टाकेल त्यानेच पुढची दहा वर्षं ती सांभाळावी. जमिनीत पुरलेली तार तुटते, हे अंदाजपत्रकात उतरायला बारा वर्षं लागली! गावात नळाचे पाइप जोडणाऱ्याला विचारलं असतं, तर त्याने एका कटिंग चहात सांगितलं असतं. पण सल्लागार म्हणून त्याची नेमणूक कशी करणार? त्याची वार्षिक उलाढाल निविदेच्या अटीत बसत नाही.

आमच्याकडच्या पंचायतीत तो पहिला डबा अजून भिंतीवर आहे. खंडेनवमीला गावातल्या सगळ्या यंत्रांबरोबर त्यालाही झेंडूची माळ पडते. बॅटरी तेवढी कोणीतरी ट्रॅक्टरला लावली म्हणतात. चालते आहे अजून.