पिवळ्या हेल्मेटातला गोरा

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही चार वर्कशॉपांच्या वेबसाइट उघडा. त्यातल्या दोन साइटवर तरी एक गोरापान, कोरीव दाढीचा, पिवळ्या हेल्मेटातला इंजिनिअर हाताची घडी घालून हसत उभा असतो. त्याच्या मागची फरशी अशी लख्ख, की पंगत बसवावी. आमच्याकडच्या फरशीवर कूलंट असतं, लोखंडाचा कीस असतो आणि दारामागं कुणीतरी टांगलेला डबा असतो. शिवाय महिनाअखेरीला इतकं निवांत हसणारा माणूस मी पिंपरी ते चाकण पट्ट्यात अजून पाहिलेला नाही.

हा गोरा आमच्या दाजींच्या साइटवरही होता. दाजींची लांडेवाडीच्या बाजूला जॉबवर्कची शेड आहे, टर्निंग आणि व्हीएमसी. साइट भाच्याच्या मित्रानं दिवाळीच्या सुटीत वडापाव आणि किरकोळ मोबदल्यावर करून दिलेली. तिच्यावरून कधी एक इन्क्वायरी आली नव्हती. पहिली आली तीच युरोपातून. दाजींचा फोन आला, "पाव्हणं, एक्स्पोर्टचं काहीतरी दिसतंय. येऊन वाचा."

मी वाचलं. समोरचा कोटेशन मागत नव्हता, देत होता. 'आमच्या छायाचित्रकाराचा फोटो विनापरवाना वापरल्याबद्दल साडेचारशे युरो, चौदा दिवसांत, नाहीतर कायदेशीर कारवाई.' सोबत साइटचा तारखेसकट स्क्रीनशॉट. गोरा त्यातही हसत होता.

"पण तो तर गुगलवर फुकट होता!" दाजी म्हणाले. हे वाक्य सगळेच म्हणतात. गुगल फोटो कुठं आहे ते दाखवतं, तो कुणाचा आहे याची हमी घेत नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फोटोची नोंदणी केलीच पाहिजे असंही नाही. फोटो काढला की हक्क तयार, आणि काढणाऱ्याच्या हयातीत व त्याच्या पश्चात पुढची ६० वर्षं शाबूत. दाजींनी तेवढ्यात मोबाइलवर स्वतःच कलम ६३ शोधून काढलं: सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. ताईनं गॅस बंद केला. ते कलम जाणूनबुजून केलेल्यासाठी आहे, हे पटवायला मला दोन चहा लागले.

उलट कलम ५५ दाजींना फार आवडलं. फोटोवर कुणाचा तरी हक्क आहे हे ठाऊक नव्हतं आणि तसं वाटायला कारणही नव्हतं, असं सिद्ध केलं तर कोर्ट वापर थांबवायला सांगतं आणि फार तर त्यातून झालेल्या नफ्याचा सगळा किंवा काही वाटा द्यायला लावतं. गोऱ्यानं मिळवून दिलेला नफा शून्य. दाजी तो वाटा चेकनं द्यायलाही तयार होते. पण साइटवर धंदा मांडून बसलेल्या माणसाला 'फोटोला मालक असतो हे माहीतच नव्हतं' असं जज्जसमोर गळी उतरवणं सोपं नाही, असं आमच्या ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, आणि फी घेतली नाही, यावरून ते खरं असावं.

आता अशी पत्रं बनावटही येतात. त्यातल्या लिंकवर बोट ठेवलं की कॉपीराइट राहतो बाजूला आणि बँक खातं जातं. आणि खरं पत्र पाठवणाराही दर वेळी मालक असतोच असं नाही. अमेरिकेतल्या कॅरल हायस्मिथ या छायाचित्रकार बाईंनी आपले हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसला लोकांसाठी मोफत देऊन टाकले. त्यांच्याच संस्थेच्या साइटवर त्यांनीच काढलेला फोटो होता, आणि त्यासाठी त्यांनाच १२० डॉलरची मागणी आली! २०१६ साली त्यांनी एक अब्ज डॉलरचा दावा लावला. कोर्टात मुख्य दावे टिकले नाहीत, ते सोडा. दाजींनी त्या गोष्टीतून नेमकं हवं ते उचललं.

"म्हणजे ड्रॉइंग मागायचं," ते म्हणाले. "ड्रॉइंगशिवाय आपण जॉब लावत नाही, मग पैसे कसे देणार? आणि पाव्हणं, पहिला रेट कुणी देतं का?"

इथं माझी जागा टायपिस्टची झाली. आधी गोरा उतरवला. नुसता पानावरून नव्हे, सर्व्हरवरूनही, कारण पान बदललं तरी फाइल जुन्या पत्त्यावर हसत उभी असते. मग उत्तर लिहिलं. चूक कबूल नाही, आवाज चढवणं नाही, 'आमचे सर्व हक्क राखून'. फोटो तुमचा याचा पुरावा द्या, छायाचित्रकाराशी झालेला करार दाखवा, आणि साडेचारशे हा आकडा कुठल्या हिशेबानं आला ते कळवा. शेवटची ओळ दाजींची: 'ब्रेकअप द्यावा.' ती मी काढणार होतो. त्यांनी काढू दिली नाही.

कागद आले, खरे होते. सोबत ४० टक्के सूट आली. "डिस्काउंट आला म्हणजे मार्जिन होतं," दाजी खुर्चीत सरसावले. त्यांनीच शोधून काढलं, की तोच फोटो त्याच आकारात रीतसर घेतला असता तर कितीतरी स्वस्त पडला असता. तो दर पुढच्या पत्रात गेला. आज परवाना घेतल्यानं मागचा वापर धुऊन निघत नाही, असं तिकडून बजावलं गेलं, तेही बरोबरच. घासाघीस होत होत आकडा पटेल इतका खाली आला. या फोटोबाबत आता काहीही दावा उरला नाही, असं पत्र आधी, पैसे नंतर, यावर मी अडून बसलो. दाजी अडले ते ९० दिवसांच्या क्रेडिटवर. तिकडून 'ताबडतोब' आलं, तेव्हा ते कळवळून म्हणाले, "लहान उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्या असा २००६चा कायदा आहे, तो आपल्याला आजवर कुणी पाळून दाखवला नाही. आणि हे ताबडतोब मागतात!"

साइटवर पुढं काय लावायचं, हा प्रश्न होता. केबिनमध्ये रविवर्म्याची लक्ष्मी आहे. रविवर्मा १९०६ साली गेले, त्या चित्राला हात लावला तरी कुणाची नोटीस येणार नाही. त्यांचा छापखाना आपल्याच लोणावळा लोकलच्या वाटेवर, मळवलीला होता. पण कस्टमर ऑडिटला आला तर लक्ष्मी कुठल्या मशीनवर चालते विचारेल, अशी भाच्याची शंका.

म्हणून गुरुवारी, सुटीच्या दिवशी, स्वतःचेच फोटो काढायचं ठरलं. मशीन डिझेलनं पुसली. पिवळं हेल्मेट शेजारच्या बांधकामावरून आणलं. सर्वांत जुन्या ऑपरेटरला घडी घालून उभं केलं. "हसा की मामा," भाचा म्हणाला. मामांनी हातातल्या जॉबकडं बघून विचारलं, "कशाला? साइझमध्ये आलाय का?" तसाच फोटो घेतला. छान आला.

मग मी कलम १७ काढलं. सांगितल्यावरून मोबदला देऊन फोटो काढून घेतला, तर तो काढून घेणाऱ्याचा. फुकटात काढला, तर काढणाऱ्याचा. म्हणजे या क्षणी शेडच्या सगळ्या फोटोंचा मालक दाजींचा मुलगा होता. दाजींनी त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं, ड्रॉवरमधून व्हाउचर बुक काढलं, शंभराची नोट ठेवली आणि म्हणाले, "कर सही."

"शंभर?" भाचा म्हणाला. "पप्पा, आधी ब्रेकअप द्या."