डेस्कटॉपवरचा पसारा

अहो वहिनी, आधी गॅस बंद करून या, लांबण आहे. कोपऱ्यावरच्या काकांचं कळलं का? नाही हो, तब्येत ठणठणीत आहे. त्यांच्या भोसरीच्या शेडमधल्या कॉम्प्युटरचं म्हणतेय मी.

त्यांची बिलं-चलनं बघायला मी जाते, तुम्हाला माहितीच आहे. एमएस-सीआयटी केलंय म्हटल्यावर कॉम्प्युटरचं काहीही झालं की हाक मलाच. तर तिथे टर्निंगचं काम, माल जातो चाकणला. प्रत्येक लॉटबरोबर इन्स्पेक्शन रिपोर्ट लागतो. मायक्रोमीटरनं मापं घ्यायची, प्रोग्राममध्ये भरायची, प्रिंट काढून चलनाला टाचायची. प्रोग्राम केला काकांच्या मेव्हण्याच्या मुलानं, इंजिनिअरिंगला असताना. मुलगा गेला जर्मनीला, प्रोग्राम राहिला भोसरीत.

नवा कॉम्प्युटर आला आणि डेस्कटॉपवर रोज फायली उगवायला लागल्या. ‘रीडिंग’, पुढे तारीख, पुढे डॉट डीएटी. मधूनच टीएमपीवाल्या, शून्य केबीच्या. काकांनी हौसेनं जेजुरीच्या खंडोबाचा वॉलपेपर लावलाय, त्याचा नुसता मुकुट दिसायचा. सुपरवायझर म्हणाला, व्हायरस! लपलेल्या आणि सिस्टीमच्या फायली दाखवायची सेटिंग चालू केली, तर ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’ नावाच्या दोन फायली दिसल्या. झालं, “बघा, जोडीनं शिरलाय!” अहो, ती विंडोजचीच फाइल. एक आपल्या लॉगिनच्या डेस्कटॉपची, एक सगळ्यांच्या सामाईक डेस्कटॉपची. एरवी लपवलेली असते, म्हणून दिसत नाही. अँटिव्हायरसनं सगळं तपासलं, काही सापडलं नाही. तरी आकुर्डीचा तो हार्डवेअरवाला आलाच. बघितलंही नाही नीट, म्हणे फॉरमॅट मारू. आणि काका तयार!

खरी गंमत पुढे आहे. ऑपरेटर पोरगा मोठा टापटिपीचा. घरी जाताना डेस्कटॉपवर उगवलेल्या या सगळ्या फायली निवडायचा, डिलीट करायचा, वर रिसायकल बिनही रिकामी करायचा. आणि त्या डीएटी फायली म्हणजेच मापांची नोंद! छापलेले रिपोर्ट कपाटात होते म्हणून निभावलं. गाड्यांच्या पार्टवाल्यांना आयएटीएफ 16949 पाळावं लागतं, 2016 पासून हेच नाव चाललंय, आणि त्यात नोंदी जपून ठेवणं आलंच. कंपनीचा ऑडिटर येऊन “रेकॉर्ड दाखवा” म्हणाला असता तर काय कचऱ्याची बादली दाखवणार होते?

शेवटी मीच माझ्या भाच्याला धरलं, हिंजवडीत आहे ना तो. गुरुवारी शेडला सुट्टी, त्याचं घरूनच काम, दुपारी अर्धा तास काढून आला. फाइलवर राइट क्लिक केलं, वेळ बघितली, रिपोर्टच्या प्रिंटवरची वेळ बघितली. दोन्ही सारख्या. म्हणाला, मावशी, व्हायरस-बियरस काही नाही. हा प्रोग्राम विंडोजला नुसतं ‘रीडिंग नावाची फाइल लिही’ म्हणतो. कुठे लिही, ते सांगतच नाही. मग विंडोज त्याचा चालू फोल्डर धरतं. पूर्वी प्रोग्राम डी ड्राइव्हवर स्वतःच्या फोल्डरमध्ये होता, डेटाही तिथेच पडायचा, कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हता. नव्या कॉम्प्युटरवर कोणीतरी शॉर्टकट करायच्या ऐवजी अख्खा प्रोग्रामच डेस्कटॉपवर कॉपी केला. आणि टीएमपी? त्या छपाईपुरत्या बनतात, बंद होताना प्रोग्रामच पुसतो. पण एमआयडीसीतली लाइट तुम्हाला ठाऊक आहे. मध्येच गेली की पुसायचं राहून जातं. वर्डचंही तसंच, नागमोडी रेघ आणि डॉलरच्या चिन्हानं सुरू होणारी फाइल कधी मागे राहते ना, तीच ही जात.

मग भाचा भिंतीकडे बघून हसायला लागला. काकांचा फाइव्ह-एसचा बोर्ड! प्रत्येक पान्याची आकृती पिवळ्या रंगानं काढलेली, पाना जागेवर नसला तर लगेच कळावं म्हणून. म्हणाला, काका, पान्याला जागा दिलीत, फाइलला दिली नाहीत.

त्या दिवशी त्यानं प्रोग्राम परत फोल्डरमध्ये टाकला, डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवला, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘स्टार्ट इन’ म्हणून चौकट असते तिथे त्या फोल्डरचा पत्ता घातला. काका म्हणाले, मिटलं. हा म्हणतो, कसलं मिटलं, उद्या कोणी पुन्हा कॉपी करेल. जर्मनीहून मूळ कोड मागवला आणि फाइलचा पूर्ण पत्ता कोडमध्येच लिहिला.

पत्ता कुठला द्यायचा, यावर मात्र बराच काथ्याकूट झाला. काकांचं म्हणणं, प्रोग्राम फाइल्समध्येच टाकू सगळं. पण साध्या लॉगिनला तिथे लिहिता येत नाही. आणि 2007 साली घरोघरी व्हिस्टा आली तेव्हापासून, जुना प्रोग्राम असला तर विंडोज गुपचूप ती फाइल ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या भलत्याच फोल्डरमध्ये नेऊन ठेवतं, आपण बसा शोधत. ॲपडेटा दर लॉगिनचा वेगळा, म्हणजे फर्स्ट शिफ्टची मापं सेकंड शिफ्टला दिसायची नाहीत. म्हणून सगळ्यांना सामाईक असलेला प्रोग्रामडेटा निवडला. त्यातही एकानं केलेली फाइल दुसऱ्याच्या लॉगिनला आपोआप बदलता येत नाही, फोल्डरला तशी परवानगी द्यावी लागली. आणि तो फोल्डर मुळात लपलेला. काका बॅकअप म्हणून डेस्कटॉपच पेन ड्राइव्हवर घ्यायचे, तो आता बिनकामाचा झाला असता, हे बरं माझ्या लक्षात आलं! मग बॅकअपलाही नवा पत्ता दिला. टीएमपी विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये पाठवल्या, आणि प्रोग्राम सुरू होताना आपल्याच शिळ्या टीएमपी झाडून टाकतो, दुसऱ्यांच्या फायलींना हात लावत नाही.

आता खंडोबा पूर्ण दिसतो. ऑपरेटर पोरगा तेवढा हिरमुसलाय, संध्याकाळचं काम गेलं त्याचं.

तुमच्या ह्यांच्या लॅपटॉपवरही अशा फायली आहेत म्हणालात ना मागे? लगेच उडवू नका. आधी फाइलची वेळ बघा, त्या वेळी कोणता प्रोग्राम चालू होता ते आठवा, आणि आत काय आहे ते उघडून बघा. आणि त्या आकुर्डीवाल्याला अजिबात बोलावू नका. तो फॉरमॅट मारतो आणि वर पैसे घेतो.