जेल रोडवरील श्रमप्रतिष्ठा

नाशिकरोडच्या जेल रोडवर सरकारने आपल्या दोन जोखमीच्या संस्था मोठ्या शेजारधर्माने नांदविल्या आहेत. एक मध्यवर्ती कारागृह आणि दुसरा नोटांचा छापखाना. दोहोंच्या भिंती उंच, दोहोंच्या दारी सशस्त्र पहारा, आणि दोहोंतून बाहेर पडणाऱ्याची झडती ठरलेली. तेव्हा परगावच्या पाहुण्याने पत्ता चुकून भलत्याच दारी उभे राहावे, यात त्या बिचाऱ्याचा काहीच कसूर नाही. 1928 साली पंचम जॉर्जची छबी असलेली पाच रुपयांची नोट येथे छापली गेली, तेव्हापासून या गावची माणसे पिढ्यानपिढ्या डबा घेऊन आत जातात, दिवसभर अपरंपार द्रव्य उत्पन्न करतात, आणि रिकामा डबा उघडून दाखवून इमानेइतबारे घरी परततात. निष्काम कर्मयोगावरील प्रवचने ऐकावयास आमचे लोक रामकुंडावर जातात. प्रात्यक्षिक मात्र तेथून पाच-सहा मैलांवर, पाळ्यापाळ्यांनी चालते.

2016 च्या नोव्हेंबरात 500 व 1000 च्या नोटा एका रात्रीत बाद ठरल्या आणि अवघा देश बँकांच्या दारी तिष्ठत उभा राहिला, तेव्हा याच कामगारांनी रविवारची सुटीही सोडून यंत्रे अखंड चालविली. (त्या आठवड्यात त्यांच्यापैकी कोणाच्या घरी दूधवाल्यास देण्यापुरते सुटे पैसे होते काय, हे विचारण्याचे औद्धत्य मी केले नाही.)

तथापि उद्यमशीलतेचा आदर्श म्हणून पाठ्यपुस्तकात धडा घालावयाचा झाल्यास या मंडळींहून कितीतरी सरस पुरुष आपल्या सीमाभागातच जन्मास आला, हे नमूद करणे मला प्राप्त आहे. खानापूरच्या रेल्वेस्थानकावर फळे विकून बाळपण कंठलेल्या अब्दुल करीम तेलगीने 1994 साली मुद्रांकविक्रीचा सरकारी परवाना मिळविला, मुद्रांक छापणाऱ्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसने मोडीत काढलेली यंत्रे लिलावातून हस्तगत केली, आणि सरकारी मुद्रांकांची बाजारात नेहमीच असलेली टंचाई स्वतः छापलेल्या मुद्रांकांनी भरून काढली. बँका आणि विमा कंपन्या यांसारखी वजनदार गिऱ्हाइके त्याच्या दारी आली, ती काही बिनकष्टाने नव्हे. ज्या आवारातून कागदाचा कपटा बाहेर जाऊ नये म्हणून कामगाराचा खिसा आणि डबा रोज तपासला जातो, त्याच आवारातून यंत्रेच्या यंत्रे उजळ माथ्याने बाहेर पडली. कपटा नेणाऱ्यास झडती आणि यंत्र नेणाऱ्यास पावती, हा आमच्या दप्तरी बंदोबस्ताचा सनातन न्याय आहे. संशय हा पगाराच्या व्यस्त प्रमाणात घ्यावयाचा असतो, हे तत्त्व मला वाटते नोकरभरतीच्या वेळीच सांगून टाकावे.

पुढे 2006 साली न्यायालयाने तेलगीस तीस वर्षांची सक्तमजुरी फर्मावली. ज्या श्रमाची थोरवी आम्ही शाळेच्या भिंतींवर रंगवितो, तोच श्रम कायद्याने गुन्हेगारासाठी राखून ठेवला आहे. 2017 च्या ऑक्टोबरात तो कैदेत असतानाच मरण पावला, आणि नाशिकहून रेल्वेने जाणारे मुद्रांक लांबविल्याच्या आरोपातून येथील न्यायालयाने 2018 च्या अखेरीस त्याला पुराव्याअभावी निर्दोष सोडले. सुटून जावयास तो उरला नव्हता, ही बाब अलाहिदा.

2023 साली त्याच्या कर्तृत्वावर वेबमालिका निघाली, आणि आमच्या आळीतील तरुणांनी रात्री जागून ती पाहिली. त्यांत, ज्यांच्या वडिलांची उभी हयात प्रेसमध्ये गेली, असे चिरंजीवही होते. प्रेसच्या एखाद्या कामगारावरही अशी मालिका निघावी, असे मी त्यांस सुचविले, तेव्हा त्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारले, ‘काका, पहिल्या भागात तो वेळेवर कामावर जातो आणि वेळेवर घरी येतो, हे ठीक, पण दुसऱ्या भागात काय दाखवायचे?’ पुन्हा झडती, याखेरीज मला काही सुचले नाही.