नशीब काढलेले आईबाप

कॅनडात मुलगा जातो तो गुणांवर. वय किती, शिक्षण काय, इंग्रजी कितपत, फ्रेंच येतं का, अनुभव किती वर्षांचा, या सगळ्याची बेरीज होऊन १,२०० पैकी त्याचा आकडा ठरतो. त्याचे आईबाप मात्र जातात ते निव्वळ नशिबावर. इमिग्रेशनचं खातं एकच. त्या खात्याचा बहुधा असा समज असावा की गुण आईबापांकडून मुलांकडे जातात आणि मागे काहीच शिल्लक राहत नाही.

पूर्वी आईबापांना तिकडे कायमचं बोलवायला नुसता अर्ज करून वाट पाहायची असे. वाट पाहणारे एक लाख पासष्ट हजारांवर गेले तेव्हा, २०११च्या नोव्हेंबरात, सरकारने नवे अर्ज घेणंच थांबवलं. २०१४मध्ये खिडकी किलकिली झाली, पाच हजार अर्जांपुरती. २०१७ला सोडत आली. लोक कुरकुरले, म्हणून २०१९च्या जानेवारीत ‘जो आधी येईल त्याला आधी’ असं ठरलं आणि ऑनलाइन फॉर्म अकरा मिनिटांच्या आत संपला. ज्याची बोटं झरझर चालली त्याचे आईबाप कॅनडाच्या कामाचे. जो पासवर्ड आठवत बसला त्याचे नाहीत. पुन्हा कुरकुर, पुन्हा सोडत. २०२०च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन आठवडे नावं घेतली आणि पुढे २०२५पर्यंत त्याच डब्यात हात घातला. २०२१मध्ये आईची आठवण यायला लागली? मग उशीर केलात. आपल्या म्हाडाच्या सोडतीत निदान दर वेळी नवा अर्ज भरून नव्याने हरता तरी येतं.

बरं, नंबर लागला म्हणून पेढे वाटू नका. घरातली सगळी तोंडं, येऊ घातलेली दोन धरून, मोजायची आणि त्या हिशेबाने तीन वर्षांची कमाई दाखवायची. वर लिहून द्यायचं की वीस वर्षं (क्वेबेकात दहा) यांचा खर्च माझा. इथेच आमची मती गुंग होते. आईबापांना सांभाळा हे पोरांना सांगायला आपल्याकडे २००७ साली कायदा करावा लागला. तिकडे पोरं वीस वर्षांच्या हमीवर सही करायला पेन उघडून बसली आहेत आणि सरकार म्हणतंय, तुमचं नाव निघालं नाही, प्रेम आवरा.

ज्यांचं नाव निघत नाही त्यांच्यासाठी सुपर व्हिसा आहे. एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहा, किमान एक लाख डॉलरचा आरोग्यविमा स्वतःचा काढा, नोकरी मात्र करायची नाही. नातवंडं सांभाळणं नोकरीत धरत नाहीत. हे ठरवताना कुठल्याही आजीचं मत घेतलेलं दिसत नाही.

आमची सूचना साधी आहे. आईबापांनाही गुण द्या. उणे वीसमध्ये दुधाची पिशवी आणायला निघणाऱ्या आजोबांना पंचवीस. सुनेच्या स्वयंपाकघरात डबे न हलवणाऱ्या आजीला शंभर. देशाची लोकसंख्या त्याने फारशी वाढणार नाही. आणि मुलाच्या घरी पाहुण्यासारखं राहण्याचा पाच वर्षांचा अनुभव असेल तर पन्नास जादा. सुपर व्हिसावाल्यांना ते आपोआप मिळतील.