‘समावेशरत्न’ पुरस्कारासाठी अर्ज

(हिंजवडीतल्या एका कंपनीने यंदापासून ‘समावेशरत्न’ पुरस्कार सुरू केला आहे. आपली शिफारस आपणच करायची असल्याने अर्जांना तोटा नाही. त्यातला एक अर्ज, नाव गाळून, वाचकांसाठी देत आहोत.)

मा. एचआर विभाग,
स.न.वि.वि.

प्रश्न १ : भरतीत विविधता यावी म्हणून आपण काय केलं?

माझ्या टीममधली निम्मी माणसं मीच रेफरलने आणली. त्याबद्दलचा बोनसही कुरकुर न करता घेतला. माणसं किती निरनिराळी आहेत पाहा : एक कोथरूडचा, एक डहाणूकर कॉलनीचा, एक कर्वेनगरचा आणि एक तर चक्क ठाण्याचा. दोघं माझ्या बॅचचे, एक मागच्या बॅचचा, आणि ठाणेकर तर दुसऱ्याच शाखेचा. म्हणजे मेकॅनिकलचा.

प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ सालचा एक अभ्यास आहे म्हणतात. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. काही सवर्ण वाटणारी, काही दलित, काही मुस्लिम. सवर्ण नावांना बोलावणी जास्त आली. वाचून वाईट वाटलं. आमच्या टीममध्ये मात्र असा अन्याय होणं शक्यच नाही, कारण आम्ही जाहिरातच देत नाही.

मध्यंतरी तुमच्या विभागाने बायोडेटावरची नावं झाकायला सुरुवात केली. चांगला उपक्रम. त्यामुळे मुलाखतीत मला जरा जास्त आपुलकीने वागावं लागतं. आधी आडनाव विचारतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर मूळ गाव, मग वडील काय करतात, मग ‘मामांकडचे कोण?’ एवढ्या गप्पा झाल्या की उमेदवार मोकळा होतो. काहीजण तर इतके मोकळे होतात की पुन्हा येतच नाहीत.

उदगीरकडचा एक मुलगा आला होता. मराठी माध्यम, डिप्लोमा करून डिग्री. त्याने फळ्यावर लिहिलेला कोड पहिल्या फटक्यात चालला. पण ‘डेटा’ म्हणताना त्याची जीभ जरा अडखळली. क्लायंटच्या कॉलवर त्यालाच संकोच वाटेल, म्हणून त्याच्या भल्यासाठी ‘कल्चर फिट’ नाही असा शेरा मारला.

प्रश्न २ : महिला सहकाऱ्यांना आपण कसं प्रोत्साहन देता?

आठ मार्चला गुलाबी शर्ट घालतो. मीटिंगचं इतिवृत्त नेहमी बाईंकडेच देतो, कारण त्या नीट लिहितात. टीम डिनरचं हॉटेल, फेअरवेलचा केक, वर्गणी, ही सगळी नेतृत्वाची कामं त्यांच्याकडेच आहेत. एखादीने मीटिंगमध्ये चांगली कल्पना मांडली आणि कुणी लक्ष दिलं नाही, तर मी तीच कल्पना पाच मिनिटांनी मोठ्या आवाजात मांडतो. लगेच मंजूर होते. कल्पना वाचते, बाकी श्रेय काय, येतं-जातं.

२०१७ च्या दुरुस्तीपासून बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं, असंही कायदा म्हणतो. चार वेळा! मी चहा-सिगारेटला याहून जास्त वेळा जातो, पण त्यासाठी कधी संसदेला तसदी दिली नाही. रजेवरून परतलेल्या आमच्या एका सहकारी बाईंवर ताण नको म्हणून त्यांचा मोठा प्रोजेक्ट मी परस्पर काढून घेतला. त्यांना विचारायचाही ताण दिला नाही. पुढे अ‍ॅप्रेझलमध्ये ‘मोठ्या प्रोजेक्टचा अनुभव कमी’ असं नोंदवावं लागलं. नियम म्हणजे नियम.

कुणीतरी मला ऐकवलं की, अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेल्या ‘एनिअ‍ॅक’ संगणकाचं प्रोग्रॅमिंग सहा स्त्रियांनी केलं होतं. असेल. तेव्हा ते काम कारकुनी समजलं जाई. पुढे त्यात पैसा आणि मान आला, तेव्हा पुरुषांनी पुढे होऊन तो भार उचलला. याला मी खरा पाठिंबा म्हणतो.

प्रश्न ३ : दिव्यांग सहकाऱ्यांसाठी?

२०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. आम्ही त्या सर्वांबद्दल समान आदर बाळगतो. आमच्या अ‍ॅपमधल्या बटणांना स्क्रीनरीडरसाठी नावं द्या, असं एक तिकीट बॅकलॉगमध्ये आहे. सर्वांत जुनं तिकीट म्हणून आम्ही त्याचा मान राखतो, त्याला हात लावत नाही. दृष्टिहीन सहकाऱ्यांसाठी मी समावेशनाची कार्यशाळा ठेवली होती. निमंत्रणाचं सुंदर पोस्टर सगळ्यांना मेल केलं. तारीख, वेळ, जागा, सगळं चित्रातच. ते आले नाहीत. अशी उदासीनता असेल तर आपण तरी किती करायचं?

प्रश्न ४ : जातिभेदाबाबत आपली भूमिका?

आयटीत जात नाही. माझ्या कॅलिफोर्नियातल्या मित्रांचंही हेच म्हणणं. २०२० साली तिथल्या सरकारी खात्याने एका अभियंत्याच्या तक्रारीवरून सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला, कंपनीने आरोप नाकारले. २०२३ च्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसं विधेयक मंजूर केलं, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले. जी गोष्ट मुळात नाहीच, तिच्यावर बंदी आली नाही याचा एवढा आनंद मी प्रथमच पाहिला. ग्रुप अर्थातच आमच्या ज्ञातिबांधवांचा आहे.

प्रश्न ५ : तंत्रज्ञानाची मदत घेता का?

घ्यायची इच्छा आहे. अ‍ॅमेझॉनने बायोडेटा निवडणारं एक यंत्र बनवलं होतं. दहा वर्षांत आलेले अर्ज वाचून ते शिकलं. ते अर्ज बहुतेक पुरुषांचे, त्यामुळे बायोडेटात ‘महिलांचा बुद्धिबळ संघ’ अशासारखं काही दिसलं की ते गुण कापायचं. कंपनीने ते बंद केलं. २०१८ साली रॉयटर्सने ही बातमी दिली. माणसाचं इतकं बारकाईने निरीक्षण करणाऱ्या शिष्याला असं काढून टाकणं मला पटलं नाही.

प्रश्न ६ : सहकाऱ्यांच्या काही सूचना?

आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलीने मला यादी पाठवली आहे. ज्याच्याशी तुमची ओळख केवळ त्याच्या कामातून झाली, अशा एकाला तरी यंदा रेफर करा. मुलाखतीचे प्रश्न आधी लिहून ठेवा, सर्वांना तेच विचारा. इतिवृत्त पाळीपाळीने लिहा, तुमच्यापासून सुरुवात. कल्पना ज्याची असेल त्याचं नाव त्याच मीटिंगमध्ये घ्या. संध्याकाळी सातचा कॉल आठवड्यातून एकदाच ठेवा. बाप झालात की तुम्हीही रजा घ्या, म्हणजे रजा घेणारी बाई एकटी पडणार नाही. नव्या लोकांना या पदाचा पगार किती असतो ते सांगा. आणि कुणी आडनावावरून विनोद केला, तर हसू नका.

यादी मी दोनदा वाचली. तिच्यात बजेट नाही, बॅनर नाही, पाहुणे नाहीत, फोटोची सोय नाही. शिवाय यातलं एकही काम कमिटीकडे ढकलता येत नाही. प्रत्येक गोष्ट मलाच करावी लागेल. इतकी अव्यवहार्य सूचना आजवर पाहिली नव्हती. यादी तुमच्याकडे ‘धोरणात्मक विचारासाठी’ पाठवली आहे. घाई नाही.

आपला नम्र,
(नाव गाळलं आहे)

ता. क. : निवड समितीतले तिघं माझ्याच बॅचचे असल्याचं समजलं. त्यामुळे निवड निव्वळ गुणवत्तेवर होईल, याबद्दल मी निश्चिंत आहे.