काका, किती टाकू?

खंडेनवमीला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांची पूजा रांगेने होते. आरशांना झेंडूचे हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. लिंबू चिरडलं की वर्षाचं संकट टळलं, अशी सगळ्यांची खात्री. लिंबू ठेवायला वाकलेला माणूस आणखी अर्धं मिनिट वाकलेलाच राहिला आणि त्याने टायरकडे नीट पाहिलं, तर संकट टळण्याची शक्यता बरीच वाढेल. पण वाकणं आधीच जड झालेलं असतं, आणि वर पेढे वाटप सुरू झालेलं असतं.

बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनर. या दांडग्या गाड्यांच्या मालकांना आपल्या गाडीचा टॉर्क तोंडपाठ असतो. टायरच्या कुशीवर काय लिहिलंय ते मात्र विचारू नये. खरं तर टायरची अख्खी जन्मपत्रिका तिथे उठवलेली असते. बोलेरोचंच घ्या. २१५/७५ आर १५. टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, कुशीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि रिम १५ इंची. पुढे १०० हा आकडा असेल, तर त्या एका टायरने ८०० किलोपर्यंत वजन पेलायचं. ‘डॉट’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ते २३१९ असतील तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. दुकानदार ‘एकदम फ्रेश माल, साहेब’ म्हणाला की चहा घेण्याआधी हे चार आकडे बघून घ्यावेत. कधी कधी टायर असा चढवतात की तारखेची बाजू आत जाते. योगायोग असेल.

आता निवड. रस्त्यासाठीचे एचटी, दोन्हीकडे चालणारे एटी आणि चिखलासाठीचे एमटी, अशी तीन घराणी. माणूस टायर घेताना रोजचा रस्ता डोळ्यांपुढे आणत नाही, लडाख आणतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी गाडीला एमटी चढवले. हाताच्या पंजाएवढे ठोकळे, मधे बोट जाईल एवढ्या खाचा. गाडी सकाळी मुलाला शाळेत सोडते आणि येताना कोथिंबीर आणते. गेटमधून आत येताना टायरांचा असा घुमता आवाज येतो, की वॉचमन मान वर न करताच फाटक उघडतो. डांबरावर हे टायर लवकर झिजतात, डिझेल जास्त पितात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला अंतरही जास्त घेतात. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “पण दिसतात कसले!” यावर उत्तर नाही.

एमटी निरुपयोगी आहेत असं मात्र नाही. जुलैत सोलापूरकडच्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या काळ्या रानात गाडी घालून बघा. ती चिकण माती आधी खाचांत भरते, मग खाचा बुजवते आणि थोड्याच अंतरात नक्षी गायब होते. नक्षी बुजली की नवा टायर आणि घोटलेला टायर यांत काडीचा फरक उरत नाही. एमटीच्या रुंद खाचा त्यासाठीच असतात. चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जावा म्हणून. जुन्या जीपचे टायर ६.००-१६ मापाचे, चांगले अरुंद असत. ते चिखल कापत खालच्या घट्ट जमिनीला जाऊन भिडायचे. हल्ली रुंद टायर घालून चिखलावर तरंगायचा प्रयत्न चालतो. तरी काळ्या रानातलं शेवटचं फोर बाय फोर म्हणजे शेजारच्याचा ट्रॅक्टर, आणि त्याचा नंबर फोनमध्ये असावा.

माझं मत विचाराल तर निम्म्याहून जास्त आयुष्य डांबरावर जात असेल त्याने गुपचूप एचटी घ्यावेत. वाडीचा, शेताचा कच्चा रस्ता रोजचा असेल त्याने एटी. आणि फोर बाय फोर गाडीला ‘सध्या दोनच बदलू’ ही काटकसर करू नये. पुढचे-मागचे टायर कमीजास्त घेराचे झाले, तर चारही चाकांना ताकद देताना ट्रान्सफर केस मधल्यामधे पिळून निघते.

खरा घोळ हवेचा. पंपावरचा पोरगा नळी हातात घेऊन विचारतो, “काका, किती टाकू?” काका म्हणतात, “टाक की नेहमीचं.” हे नेहमीचं म्हणजे किती, ते त्यालाही माहीत नसतं आणि काकांनाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीने स्टिकर लावलेला असतो; त्यात पुढे किती, मागे किती, माणसं भरल्यावर किती, सगळं लिहिलेलं असतं. ही हवा थंड टायरची. शंभर किलोमीटर येऊन मोजली की काटा वर दिसणारच, आणि तिथेच ‘जास्त झाली’ म्हणून हवा सोडायची पद्धत आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, आतून तापतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. विदर्भातला उन्हाळा, काँक्रीटचा रस्ता, ताशी १२० ची मर्यादा आणि गुळगुळीत टायर हे सगळं एकत्र आलं, तेव्हा पुढच्याच वर्षी परिवहन खात्याला महामार्गाच्या तोंडाशी टायर तपासायला माणसं उभी करावी लागली. खाचेत आडवी, किंचित उंच पट्टी असते; ती नक्षीच्या बरोबरीला आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली, की टायर संपला. नायट्रोजनला पैसे मोजणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं, की पंपावरच्या फुकटच्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

बाकी देखभाल कंटाळवाणी असते, म्हणूनच राहून जाते. आमचे मिस्त्री गाडी आली की आधी खाली शिरतात. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस गन लावतात आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून नवं दिसेपर्यंत दाबत राहतात. मग मागच्या पाट्यांवर हात फिरवतात, डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी सोडतात. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना आणखी एक पथ्य: धुराची काजळी धरणारी जाळी. ती स्वतःला जाळून साफ करते, पण त्यासाठी इंजिन चांगलं तापावं लागतं. शाळा ते भाजी मंडई एवढ्यात ते तापत नाही. तेव्हा खालच्या गृहस्थांना अधूनमधून हायवेला जाणं भागच आहे, भले टायर कितीही घुमोत.

तर उद्या सकाळी, गाडी हलवण्याआधी, तो खांबावरचा स्टिकर वाचा आणि चारही चाकांची हवा मोजून घ्या. बोलेरो असेल तर मागच्या दारावरच्या स्टेपनीचीही मोजा. कव्हर घातलं म्हणून तिची हवा कमी व्हायची राहत नाही.